दंडावर न दिसणारं बीपी

मी आज हे लिहिते आहे ते माझ्या सासूबाईंच्या घाईमुळे. त्यांना नातवंड हवं होतं आणि ते लवकर हवं होतं. मुलगा काय नि मुलगी काय, आपल्याला काहीही चालेल, असं त्या चारचौघांत ठासून सांगत. पण तोंडातून शब्द निघायचा तो 'नातू' हाच. आमच्या लग्नानंतरचा तिसरा दिवाळीचा पाडवा उलटला तशी त्यांची घाई अनावर झाली, आणि त्यांनी मला दिंडोरीहून नाशकात, गंगापूर रोडवरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जवळजवळ ओढतच नेलं. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मनातल्या मनात सासूबाईंना जे काही बोलत होते ते छापण्याजोगं नाही. आता त्या दिवसाची आठवण झाली की वाटतं, बरं झालं बाई, माझं कोणी ऐकलं नाही.

मी मूळची चांदवडकडची, कांदेवाल्यांची लेक. लग्न होऊन द्राक्षवाल्यांच्या घरात आले. दिंडोरीत एका शाळेत भूगोल शिकवते. घर बागेलाच लागून आहे, आणि घरापासून बागेच्या वरच्या टोकापर्यंत थोडासा चढ आहे. चढ कसला, शेळीलासुद्धा तो चढ वाटणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत, द्राक्षमण्यांची विरळणी चालू असताना, कामावरच्या बायकांना चहाची किटली घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं आणि मला त्या चढावर दम लागायला लागला.

आमच्याकडे कोणाला काहीही झालं की पहिला संशय फवारणीवर. डोकं दुखलं, फवारणी. मळमळलं, फवारणी. शेजारच्या आजोबांना ऐकू येईनासं झालं तेव्हासुद्धा कोणीतरी फवारणीच्या ब्लोअरकडेच बोट दाखवलं होतं. त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. ट्रॅक्टर बागेत शिरला की त्या वासानं घरातल्या चपातीलासुद्धा चव येते. त्यामुळे "हिच्या छातीत औषधाचा वास बसलाय" असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि मला बागेची वाटच बंद केली. किटली गेली, धुण्याची बादली गेली, पाण्याचा हंडा गेला. गावातल्या डॉक्टरांनी दम्याचा, तोंडानं ओढायचा पंप दिला. मी तो इमानदारीनं ओढत राहिले.

आणि गंमत म्हणजे मला बरं वाटायला लागलं. मे महिन्यात माहेरी गेले, तिथे आईनं काडी इकडची तिकडे करू दिली नाही, आणि दम पार नाहीसा झाला. चांदवडला द्राक्षं नाहीत, म्हणून फवारणी नाही, म्हणून दम नाही, असा सरळ हिशेब दोन्ही घरांनी मांडला. दिवसभर खाटेवर बसून आंबे खाणाऱ्या बाईला दम लागणार कशाचा, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. दोन्हीकडच्या मायेनं मिळून माझा आजार असा झाकून टाकला की त्याला स्वतःला बाहेर यायला वाव राहिला नाही.

शाळेत मात्र माझा वर्ग वरच्या मजल्यावर होता. जिना चढताना मधल्या वळणावर छाती भरून यायची. तिथे नुसतं उभं राहिलं तर लोक विचारतात, म्हणून मी एक युक्ती काढली. वळणावर थांबायचं, कमरेवर हात ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांवर ओरडायचं. "रांगेत चाला! दप्तर नीट धर! नखं दाखव बघू!" तेवढ्यात श्वास जागेवर यायचा. शिस्तीची कडक बाई म्हणून शाळेत माझं जे नाव झालं ते सगळं त्या दमाच्या पुण्याईनं.

एकदा एका हातात पृथ्वीचा गोल आणि काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन मी जिना चढले, आणि शेवटच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा शिक्षकखोलीच्या बाकावर होते. भोवती सगळ्या बायका, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर तेच हसू. मी पडले याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. "किती दिवस लपवणार होतीस?" एकीनं विचारलं. लग्न झालेली बाई चक्कर येऊन पडली की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती, आणि सासूबाईंनी शेजारच्या तीन घरांत पेढे वाटून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की तसं काही नाही. पेढे परत मागता येत नाहीत. सासूबाई संध्याकाळी मला म्हणाल्या, "नाय तर नाय. पण का नाय ते तरी बघू." त्यातून ते गंगापूर रोडचं जाणं निघालं.

त्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकांपासून त्यांच्या खोलीपर्यंत एक लांब बोळकांडं होतं. माझं नाव पुकारलं गेलं, मी निघाले, आणि सवयीप्रमाणे मध्ये एकदा थांबले. भिंतीवर स्तनपानाचा तक्ता होता, तो वाचल्यासारखं केलं. बाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या. आत गेल्यावर पाळीचं, लग्नाचं काही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "मध्ये थांबलात का?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "फवारणीचा वास बसलाय तिच्या छातीत. ते सोडा. तुम्ही दुसरं बघा."

बाईंनी दुसरं बघितलं नाही. त्यांनी माझ्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि सोडला, तर तिथे खळगा राहिला. मी ते चपलेच्या पट्ट्याचं समजत होते. मानेच्या बाजूला फुगलेली शीर निरखली. दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं, ते अगदी छान निघालं. "बघा, काही नाय," सासूबाई म्हणाल्या. मग बाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ एकाच जागी धरून ठेवला. शेवटी कोरोनात घरोघरी आलेला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा माझ्या बोटाला लावला आणि म्हणाल्या, "आता त्या बोळातून दोन चकरा मारून या. थांबायचं नाही." मी चालले. चिमट्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरत गेला. ओठ निळसर झालेत हे मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुमचं माझ्याकडचं काम थांबू दे," बाई म्हणाल्या. "आधी हृदयाचा टूडी इको करायचा. आजच."

"पाळणा हलायचा तर काळीज कशाला तपासायचं?" सासूबाईंनी खालच्या आवाजात मला विचारलं. बाईंनी तोवर फोन उचलून हृदयाच्या डॉक्टरांना गाठलंसुद्धा होतं. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मला पाळीच्या गोळ्या लिहून मिळाल्या असत्या, लोहाची बाटली मिळाली असती, आणि वजन कमी करा असा सल्ला फुकट मिळाला असता. ज्या कामासाठी पेशंट आला ते बाजूला ठेवून, न सांगितलेलं बघणारं माणूस भेटायला नशीब लागतं. ते त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं.

इकोमध्ये दिसलं की माझ्या हृदयाची उजवी बाजू फुगली आहे. पुढचे काही आठवडे मग तपासण्यांतच गेले. हृदयाच्या डाव्या बाजूचा दोष आहे का, फुफ्फुसाचा आजार आहे का, कुठे जुन्या गाठी अडकल्यात का, थायरॉइड, सांध्यांच्या आजाराचं रक्त, एकेक करून सगळं बघून बाजूला ठेवलं. मला वाटायचं, सापडत नाही म्हणजे चांगलंच आहे. डॉक्टरांनी समजावलं की या आजाराला असंच पकडावं लागतं. दुसरं कोणी नाही याची खात्री करत करत. शेवटी मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयात सोडून आतला दाब थेट मोजला, आणि मग नाव पक्कं झालं. पल्मनरी आर्टिरियल हायपरटेन्शन.

हृदयाचे डॉक्टर वयानं तरुण होते आणि घाईत नसत. त्यांनी कागदावर फुफ्फुसं काढली, त्यांत जाणाऱ्या रक्तवाहिन्या काढल्या. त्या आतून अरुंद आणि कडक झाल्या आहेत, त्यामुळे त्यांत रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूला फार जोर लावावा लागतो, ती थकत चालली आहे, असं सांगितलं. दंडावरच्या पट्ट्याला हा दाब दिसत नाही. माझा नवरा कागद निरखून म्हणाला, "म्हणजे ठिबकच्या नळ्या चोंदल्यात आणि मोटर तापतीय."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"आम्ही नळ्यांना ॲसिड सोडतो," नवरा आशेनं म्हणाला.

डॉक्टर हसले. "इथे तसं धुऊन काढता येत नाही. नळ्या सैल ठेवायच्या गोळ्या आहेत. त्या रोज, न चुकता. आजार मुळापासून जाणार नाही, पण त्याला धरून ठेवता येतं. तुम्ही वेळेत आलात." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत दुसरी गोष्ट सांगितली. मला दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, ते या हृदयाला झेपत नाही. बाळंतपणात आणि त्यानंतरच्या दिवसांत आई दगावण्याचा धोका फार मोठा असतो. शिवाय गोळ्यांतली एक गर्भाला घातक आहे, म्हणून दर महिन्याला दिवस गेलेले नाहीत ना याची तपासणी करूनच ती पुढे चालू ठेवायची.

"कधीच नाही?" मी विचारलं.

"आज मी हो म्हणणार नाही," ते म्हणाले. "आणि पुढे कधी म्हणेन, अशी खोटी आशा लावणार नाही."

सासूबाई त्या दिवशी घरी होत्या. दिंडोरी रोडला एका टपरीवर आम्ही गाडी थांबवली, चहा घेतला आणि तो तसाच गार होऊ दिला. नवरा म्हणाला, "आईला इतक्यात नको सांगायला." मी मान डोलावली. सासूबाई दुष्ट असत्या तर किती सोपं होतं. दुष्ट माणसाला काहीही ऐकवता येतं. पण मी त्यांना शेजारणीच्या तान्ह्याचे पाय मुठीत धरून बसलेलं पाहिलं होतं. ते पाय सोडायला त्यांना जड जायचं. एकुलता एक मुलगा, एकच सून, आणि त्या घरात आता पाळणा हलणार नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? आणि सांगितल्यावर त्या घरात माझी जागा काय उरणार होती? आजाराची भीती होतीच. पण खरं सांगते, त्या टपरीवर मला जास्त भीती सासूबाईंची वाटली.

म्हणून घरी आम्ही एवढंच सांगितलं की छातीत बीपी आहे. "बीपी?" सासूबाईंनी हुश्श केलं. "बीपी तर मलाबी हाय. लय घाबरवलं मला. गोळ्या चालू झाल्या की होईल सगळं." ते 'सगळं' म्हणजे काय हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गोळ्या चालू झाल्या. त्यांतली एक गोळी अशी आहे की ती जगात वेगळ्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पुरुषांच्या कामासाठी. माझा नवरा चिठ्ठी घेऊन गावातल्या मेडिकलवर गेला, तर दुकानदारानं आधी चिठ्ठी बघितली, मग नवऱ्याला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाला, "दिवसातून तीनदा, दादा?" चार दिवसांत ही गोष्ट त्याच्या मित्रांत पसरली. पारावर तो दिसला की खोकले सुरू व्हायचे. बिचारा लाल व्हायचा, पण बायकोच्या आजाराची चर्चा पारावर नको म्हणून एक शब्द बोलायचा नाही. तो नाशिकहून गोळ्या आणायला लागला. त्याचं हे गप्प राहणं मी अजून विसरलेले नाही. पुरुषाला असली चेष्टा झेलणं किती जड जातं, हे चेष्टा करणाऱ्या पुरुषांनाच चांगलं ठाऊक असतं.

पण द्राक्षांच्या काढणीत तो अडकला, गोळ्या संपत आल्या, आणि चिठ्ठी सासूबाईंनी उचलली. पुढचं मला त्या दुकानदारानंच नंतर सांगितलं. सासूबाईंनी चिठ्ठी दिली. तो हसला. "आजी, दादाला पाठवायचं ना," असं काहीतरी म्हणाला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सासूबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "दात काय काढतो रे? माझ्या सुनेच्या काळजाची गोळी हाय ती. ही नाय मिळाली तर तिचं काळीज थांबंल. मग येशील का माझ्या दारात दात काढायला?" त्यानंतर तो माणूस इतका सुधारला की गोळ्यांचा साठा संपत आला की स्वतः फोन करतो. पारावरचे खोकलेही थांबले. सासूबाईंना त्या गोळीची दुसरी कीर्ती ठाऊक होती की नव्हती, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सुरुवातीला गोळ्यांनी डोकं ठणकायचं, तोंड तापायचं. मग हळूहळू अंगाला ते मानवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी माझा वर्ग खालच्या मजल्यावर आणला. डॉक्टरांकडे सहा मिनिटं चालायची तपासणी असते, तिच्यात मी दर खेपेला थोडी पुढे जाऊ लागले. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा बागेचा तो चढ न थांबता चढले आणि वर जाऊन कोणी बघत नाही असं पाहून रडले. आनंदानंच.

आणि श्रावणात सगळं उलटलं. पाय सुजले, पोट जड झालं, रोज सकाळी काट्यावर वजन चढलेलं. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. उपासाच्या साबुदाण्यानं वजन वाढलं असेल असं मी स्वतःला सांगत राहिले, पण एका सकाळी पायात चप्पल शिरेना, तेव्हा नवऱ्यानं थेट नाशिकला नेऊन दवाखान्यात भरती केलं. सासूबाई बरोबर आल्या. शिरेतून औषध देऊन माझ्या अंगातलं पाणी काढायचं काम सुरू झालं. थोडा श्वास सुधारल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि काय काय खाल्लं ते विचारू लागले.

"मिठाचा खडा नाय तिच्या पोटात," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "तुम्ही मीठ कमी म्हणाले, मी बंदच केलं. तिच्यासाठी सगळं सैंधव घालते. वेगळं कालवण, वेगळी भाजी, सगळं सैंधवातलं."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, सैंधव म्हणजेही मीठच."

"उपासाला चालतं की ते!"

"देवाला चालतं. हिच्या हृदयाला नाही चालत."

साधं मीठ वाईट आणि उपासाचं मीठ औषधी, हे आमच्या घरात कोणाला शंकासुद्धा न यावी इतकं पक्कं होतं. मलाही. शिवाय पोरीच्या तोंडाला चव नाही म्हणून त्या एक चिमूट जास्तच टाकत होत्या, आणि श्रावणातल्या उपासांनी त्यात भर घातली होती. सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी माझी धापच विसरले. त्या माझ्या पायावरच्या सुजेकडे बघत होत्या. "म्हणजे मीच केलं हे," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही एवढ्या मन लावून करता म्हणूनच आता हे बंद होईल," डॉक्टर म्हणाले. मला तो माणूस त्या एका वाक्यासाठी जन्मभर आवडेल.

तेवढ्यात नर्स आली आणि दर महिन्याच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना हवा म्हणाली; पाळी वेळेवर आली का, हेही तिनं विचारलं. सासूबाईंची मान झटकन वर झाली. रडवेल्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "का हो? दिवस गेलेत का काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्यासाठी बोलले असते. पण मीच बोलले. "आई, मला दिवस जाऊन चालणार नाही. या आजारात मूल होऊ दिलं तर मी जाईन."

"खरं हाय?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"हो."

"गोळ्या घेऊनबी?"

"गोळ्या घेऊनही."

त्या स्टुलावर बसल्या. मग नवऱ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघून म्हणाल्या, "मला कधी सांगणार होते तुम्ही? मी काय वैरीण हाय का तुमची?" आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्या उठून बाहेरच्या गॅलरीत गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी काही विशेष दाखवलं नाही. सैंधवाचं पुडकं दुसऱ्याच दिवशी गायब झालं. सगळ्या घराचा स्वयंपाक अळणी होऊ लागला. ज्याला हवं त्यानं वरून मीठ घ्यायचं. सकाळी मी काट्यावर उभी राहिले की त्या बाजूला उभ्या राहून आकडा विचारायच्या. पण मुलाचा विषय त्यांच्या तोंडून नाहीसा झाला, आणि त्याबरोबर बरंचसं बोलणंही. शेजारणीच्या तान्ह्याकडे त्या जाईनाशा झाल्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "आई, राग आला असेल तर बोला. असं गप्प राहू नका."

"राग नाय," त्या म्हणाल्या. "मला जरा वेळ दे."

मी दिला. दुसरं काय देणार? पण रोज रात्री उशीला डोकं टेकलं की तोच विचार यायचा. औषधानं जगेन मी. पण कोणाच्या घरात, कोणाची कोण म्हणून? द्राक्षांची छाटणी झाली, दिवाळी झाली, मण्यांना रंग भरू लागला. माझा श्वास सुधारला, सूज गेली. सासूबाईंच्या मनात काय आहे ते मात्र कळलं नाही.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. दुपारपासून बायका जमल्या. सासूबाईंची थोरली बहीण आली. घरात सगळे तिला अक्का म्हणतात आणि सगळेच तिला वचकून असतात. सासूबाईसुद्धा. बहिणीला उलट उत्तर दिलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी अक्कांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पाया पडायला वाकले. अक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पुत्रवती हो! पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण करायलाच येते बघ मी."

बायका हसल्या. मी खाली बघत राहिले. अशा वेळी काय करायचं असतं ते मला तोवर चांगलं जमायला लागलं होतं.

"अक्का," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात वाणाचं ताट होतं. "तो आशीर्वाद माघारी घे."

अक्कांना आयुष्यात कोणी काही माघारी घ्यायला सांगितलं नसावं. "काय बोलतीस तू?"

"तिला मूल होऊन चालत नाय. काळजाचं दुखणं हाय तिला. मूल झालं तर ही जाईल." सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "मला लय वाटायचं नातू पाहिजे. अजूनबी वाटतं. पण मला ही पाहिजे. तू दुसरा आशीर्वाद दे तिला."

"दुसरा कोणता देऊ?" अक्कांनी विचारलं.

"म्हातारी हो म्हण."

माझ्या डोक्यावरचा अक्कांचा हात तसाच होता, तो मला जड लागायला लागला होता. मग त्यांनी तो जरा दाबला आणि म्हणाल्या, "म्हातारी हो, पोरी."

"माझ्यापेक्षा म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"हिच्यापेक्षा म्हातारी हो."

मी वाकलेलीच होते. डोळ्यांतलं पाणी अक्कांच्या पायावर पडत होतं आणि मला वर बघवत नव्हतं. सासूबाईंनी येऊन माझा दंड धरला. "ऊठ आता," त्या म्हणाल्या, "वाकून दम लागंल तुला."